गिरणीत ऐकणारा फोन

"चिमटीत बघा. नंतर बोलायचं न्हाय."

पीठ पडायला लागलं की आक्का गिऱ्हाइकापुढे हात करायची. अंगठा आणि बोटाच्या मध्ये चिमूटभर गरम पीठ. गिऱ्हाईक नवीन असलं तर बावरायचं, हात पुढे करावा की नुसती मान हलवावी ते त्याला कळायचं नाही. पण आक्का हात मागे घ्यायची नाही. त्यानं पीठ बोटांत चोळून बघितल्याशिवाय पुढचं धान्य खाली पडायचं नाही. बारीक हवं, जाड हवं, काय ते आत्ताच सांगा. डबा घरी नेल्यावर भाकरी थापताना आठवून काही उपयोग नाही. लहान गावातल्या गिरणीत तुम्ही कधी दळण घेऊन गेला असाल, तर असं एखादं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. आमच्या नशिबी ही होती.

इंदापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिची गिरणी आणि तिला लागून माझं शिलाईचं दुकान. मध्ये एका विटेची भिंत. काळ्या ब्लाउजपीसवर रोज सकाळी पांढरा थर असायचा, तो झटकून मगच मी कात्री लावायचे. त्याची मी कधी तक्रार केली नाही, कारण दुपारी लाईट गेली की तिची गिरणी थांबायची, माझं मोटारीचं मशीनही थांबायचं, आणि मी उठून तिच्याकडे जायचे. दाराजवळ गव्हाचं एक पोतं असायचं, त्यावर बसायचे. ती जागा माझी होती. दुसरं कुणी बसलेलं असलं तर आक्का त्याला उठवायची, "भाभी येईल, सरका." हे मला फार आवडायचं. मी तसं बोलून दाखवलं नाही, पण आवडायचं.

आक्काचं माहेर शेळगाव. तिच्या आजोबांच्या काळी घरात मेंढरं होती. आजा मेंढरं हाकायचा, मी गिरणीचा पट्टा हाकते, असं ती म्हणायची. नवरा गेल्यावर गिरणी तिनंच ओढली, मुलाला शिकवून पुण्याला धाडलं. सगळं आयुष्य त्या घरघरीत गेल्यामुळे ती लाईट गेल्यावरही ओरडूनच बोलायची. त्यामुळे आमच्या दोघींची जी काही गुपितं होती ती सगळ्या गल्लीला तोंडपाठ होती. माझी सासू मला काय म्हणाली हे माझ्या नवऱ्याला मी सांगायच्या आधी पानटपरीवर कळायचं.

तर असं आमचं चाललेलं असताना सेल्वी आली.

सेल्वीचा नवरा लोणी देवकरच्या एका कारखान्यात मशीन दुरुस्तीच्या कामाला लागला होता. तमिळनाडूकडची माणसं. समोरच्या माळ्यावरची खोली त्यांनी भाड्यानं घेतली. त्याला मोडकीतोडकी हिंदी यायची, तिला तीही नाही. वयानं आमच्या लेकींएवढी, वेणी कमरेखाली, आणि केसांत रोज फूल. कुठून मिळवायची कोण जाणे. एक दिवस ती डब्यात तांदूळ घेऊन गिरणीत आली. आक्कानं डब्यात हात घातला आणि तिचा पारा चढला, कारण तांदूळ ओले होते. त्यांच्यात धुऊन, नुसते निथळून दळायची पद्धत असते म्हणे, पण आमच्या गिरणीत ओलं धान्य गेलं की पिठाचा लगदा होऊन दगडाला चिकटतो आणि मग अर्धा दिवस खरवडत बसावं लागतं. आक्कानं तिला सुनावलं. नेहमीच्याच आवाजात सुनावलं, म्हणजे एसटी स्टँडपर्यंत ऐकू गेलं असेल. पोरगी डबा उचलून रडत जिना चढली.

त्या दुपारी लाईट गेली. मी चहा घेऊन गेले तर आक्का पट्ट्याकडे बघत बसलेली. चहा तसाच गार केला तिनं.

"बोलणं कळलं न्हाय तिला," ती म्हणाली. "रागावणं तेवढं कळलं."

मी म्हटलं, सोड की, उद्या विसरेल. पण आक्काच्या मनातून ते जाईना. दुसऱ्या दिवशी तिनं ज्वारीच्या पिठाचा डबा माळ्यावर नेऊन दिला आणि खाणाखुणा करून परत आली. चार दिवसांनी सेल्वी खाली आली, या वेळी तांदूळ खडखडीत वाळवलेले. तिला आक्कानं चिमटीत पीठ दाखवलं, तिनं बोटात चोळून मान हलवली, आणि दोघी हसल्या. मी भिंतीच्या अलीकडे काजं करत होते. हसण्याचा आवाज आला तेव्हा सुई बोटात गेली.

मग एक दिवस आक्का म्हणाली, "भाभी, भाषा शिकवणारा फोन असतो म्हणं."

सेल्वीच्या नवऱ्यानं तिला सांगितलं होतं. फोनमध्ये एक अ‍ॅप टाकायचं, ते हिंदीतून तमिळ शिकवतं. ते एक वाक्य म्हणतं, आपण त्याच्यामागे म्हणायचं, बरोबर आलं तर हिरवी खूण होते. आक्काचा फोन बटणांचा होता, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, आणि पिशवीसकट कानाला लावायचा. त्यात ते अ‍ॅप चालणार नव्हतं. तिला नवीन फोन घ्यायचा होता.

मला काय वाटलं ते सरळच सांगते. मी जळले. आमचं घर मुसलमानाचं. घरात आम्ही आमची हिंदी बोलतो, नक्को आणि कायकू वाली, बाहेर मराठी. इतक्या वर्षांत आक्का माझ्या घरी किती वेळा जेवली असेल, ईदच्या शीरखुर्म्याला पहिली वाटी तिची. पण माझी घरची भाषा शिकावी असं तिला कधी वाटलं नाही. आणि आता केसांत फूल माळून आलेल्या पोरीसाठी ही फोन घ्यायला निघाली. लग्नाचं लुगडं घेताना तिनं एवढा विचार केला नसेल.

तरी फोन माझ्याशिवाय कोण घेऊन देणार होतं? माझा भाचा बारामतीत मोबाईलचं दुकान चालवतो. चांगला दोन लेकरांचा बाप आहे, बोलायला गोड. मी ठरवलं, फोन घ्यायचाच आहे ना, तर मी सांगेन तो घेऊ दे. निदान फोन तरी माझ्या पसंतीचा असू दे. आम्ही एसटीनं बारामतीला गेलो. आक्कानं लग्नाच्या बस्त्याला निघाल्यासारखं नवं लुगडं नेसलं होतं.

भाच्याच्या दुकानात एसी. काचेचं दार लागलं की रस्त्याचा आवाज बंद. त्यानं खुर्च्या दिल्या, थंड मागवलं आणि एकेक फोन काढून कॅमेऱ्याचं सांगायला लागला. आक्कानं ऐकून घेतलं आणि विचारलं, फोटो कुणाचे काढायचे, पिठाचे का? मग त्यानं मेमरी सांगितली, बॅटरी सांगितली, बोट लावलं की उघडतो ते सांगितलं. आक्कानं बोट लावलं. उघडेना. दुसरं लावलं, तेही नाही. पीठ चोळून चोळून तिच्या बोटांवरच्या रेषाच गेल्या होत्या. ह्याला माझी वळख पटंना, असं म्हणून ती हसली. भाचा म्हणाला, आकड्यांचं कुलूप लावू. मी निळा, चकचकीत, मोठ्या काचेचा एक फोन निवडून ठेवला होता. भाच्यानं त्यात ते अ‍ॅप टाकून दाखवलं. फोनमधली बाई काहीतरी बोलली, आक्का तिच्यामागे ओरडली, हिरवी खूण झाली. मी म्हटलं, झालं तर मग, हाच घे.

आक्कानं फोन काउंटरवर ठेवला.

"हितं तर बहिरं सुदीक ऐकंल," ती म्हणाली. "मला शिकायचंय गिरणीत. गिरणीत चिमटीत बघितल्याबिगर मी घेनार न्हाय."

भाच्याला वाटलं ती गंमत करते आहे. पण ती उठून उभीच राहिली. शेवटी तो मला म्हणाला, खाला, मी रविवारी येतो फोन घेऊन. आता मोबाईल विकणारा माणूस असा फोन दाखवायला गिरणीत जातो हे तुम्ही ऐकलंय का कुठं? पण त्याच्या आईचं, म्हणजे माझ्या बहिणीचं, लग्नाआधीचं सगळं दळण याच गिरणीतलं. त्याला नाही म्हणता येईना.

रविवारी तो आला, पांढरा शर्ट घालून. एवढी अक्कल त्याला होती. गिरणी पूर्ण चालू, गव्हाचं दळण लागलेलं, चार गिऱ्हाइकं डबे घेऊन बसलेली. पिंपाच्या झाकणावर त्यानं फोन मांडले. गिऱ्हाइकंही उठून बघायला आली, मुलगी बघायला आल्यासारखी. आक्कानं आधी माझा निळा फोन घेतला. फोनमधली बाई काय बोलली ते कुणालाच ऐकू आलं नाही, आणि आक्का ओरडली ते फोनला. त्यानं गिरणीची घरघर ऐकून भलतंच काहीतरी लिहिलं. पुन्हा ओरडली. पुन्हा तेच. मी म्हटलं, आण इकडं, आणि मी तो आधी कानाला लावला, मग तोंडाजवळ नेऊन ऐकलेलं हळू आवाजात म्हटलं. हिरवी खूण झाली. आता बघा, त्या फोननं माझं ऐकलं, आक्काचं ऐकलं नाही, आणि मला त्या क्षणी इतका आनंद झाला की माझी मलाच गंमत वाटली.

आनंद फार टिकला नाही. भाच्यानं कोपऱ्यातला एक काळा फोन पुढे केला. जाड, ओबडधोबड, दिसायला साबणाच्या वडीसारखा. कारखान्यातली, साइटवरची माणसं असला नेतात म्हणाला, आवाज मोठा आहे. त्यातली बाई गिरणीच्या वरताण बोलली. आक्का तिच्या वरताण ओरडली. हिरवी खूण. पुढचं वाक्य, पुन्हा हिरवी खूण. फोनमधली बाई हिंदीत म्हणाली, बहुत बढिया. आक्कानं आमच्या सगळ्यांकडे असं बघितलं की जणू तिला कुणी पहिल्यांदाच चांगलं म्हटलं होतं. माझा निळा फोन भाच्यानं पुसून खोक्यात घातला.

फोनला हळदकुंकू वाहून झालं. आता पहिला फोन कुणाला लावायचा? मी माझा फोन हातात धरूनच उभी होते. आक्कानं लावला सेल्वीला. समोरच्या माळ्यावर, जिथं नुसती हाक मारली असती तरी चाललं असतं.

"साप्पिट्टिया?" ती फोनमध्ये ओरडली. जेवलीस का, असा त्याचा अर्थ. माळ्याच्या खिडकीतून सेल्वी फोन कानाला लावून खदखदून हसत होती.

मी दुकानात येऊन मशीन लावलं. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजच्या दोन्ही बाह्या एकाच खांद्याला बसवल्या असत्या, थोडक्यात वाचलं.

त्यानंतर माझी दुपार गेली. गिरणी चालू असताना आक्का धड्यावर आणि लाईट गेली की सेल्वी खाली. मी चहा घेऊन जायचे तर पोत्यावर ती बसलेली. मला बघून उठायची, पण आक्कानं उठवलेलं नसायचं, ती आपली आपणच उठायची. त्यात फरक आहे. भिंतीतून मला सगळं ऐकू यायचं. फोनमधली बाई एकदा म्हणायची, आक्का तीनदा ओरडायची, मग शाबासकी. त्या बाईचा मला सेल्वीपेक्षाही जास्त राग यायचा. हिच्या शाबासकीचं आक्काला काय पडलं होतं? हिनं कधी आक्काला मापात बसणारा ब्लाउज शिवून दिला होता? आक्काचे ब्लाउज मी शिवायचे. तिचा डावा खांदा पोती उचलून खाली गेला आहे, म्हणून त्या बाजूला कापड थोडं जास्त सोडायचं, हे माहीत असलेली जगात मी एकटी होते. पण त्याला हिरवी खूण होत नसते.

एका दुपारी सेल्वी नव्हती आणि मी बोलून टाकलं. म्हटलं, आक्का, माझ्या घरची बोली तुला कधी शिकावीशी वाटली नाही. काल आलेल्या पोरीसाठी नवा फोन घेतलास, पहिला फोनही तिलाच लावलास.

खरंच आक्काला कळलं नव्हतं की मी जळते आहे. सगळ्या गल्लीला कळलं होतं.

"तुझं कळायला मला शिकावं कवा लागलं?" ती म्हणाली. एवढं एक वाक्य तिनं आयुष्यात हळू आवाजात म्हटलेलं मी ऐकलं. मग पुन्हा आवाज चढवून तिनं मला विचारलं, दगडाला टाकी लावल्यावर पहिलं दळण आपण कुणाला देतो? ते मला माहीत होतं. गिरणीचे दगड झिजले की छिन्नीनं त्यांना टाकी लावतात, आणि त्यानंतरच्या पहिल्या पिठात दगडाची कच उतरते. ते पीठ विकत नाहीत, घरातही घेत नाहीत, गुरांपुढे टाकतात. "पहिल्या दळनात कच असती, तशी पहिल्या फोनातबी. ते आपल्या मानसाला देत्यात व्हय?"

मला ते पटलं आणि नाहीही पटलं. पटलं म्हणून मी रोज चहा न्यायला लागले, आता तीन कप. नाही पटलं म्हणून तिसऱ्यात साखर थोडी कमी घालायचे. सेल्वीला तसाच चहा आवडतो हे मला फार उशिरा कळलं.

पुढे पुढे आक्काचं तमिळ चांगलंच चालायला लागलं, म्हणजे असं सेल्वी म्हणायची. सेल्वी गिरणीत हात लावायला लागली. पट्टा चढवायला शिकली, जाळी बदलायला शिकली, धान्यातला ओलावा दातानं बघायला शिकली. मी इतकी वर्षं शेजारी होते, मला पट्ट्याची भीती वाटायची म्हणून मी लांबूनच बसले. तिला भीती वाटली नाही. हेही माझ्या यादीत गेलं. गळ्यात मंगळसूत्र काळ्या मण्यांचं नाही, पिवळ्या दोऱ्याचं, आणि कमरेला पदर खोचून पीठ चाळणारी ही बाई दाराशी बघून नवीन गिऱ्हाईक दचकायचं.

आक्का शेळगावला भावाच्या नातीच्या बारशाला गेली ती परत आली नाही. दुपारी जेवली, जरा पडते म्हणाली आणि झोपेतच गेली. मला निरोप आला तो सेल्वीकडून. जिन्यावरून धावत खाली आली, माझ्या दुकानाच्या दारात उभी राहिली, आणि तिच्या तोंडून मराठी फुटेना की हिंदी. ती तमिळमध्येच काहीतरी बोलत होती. मला एक अक्षर येत नव्हतं. पण कळलं.

मुलगा पुण्याहून आला, सगळं आटोपलं. गिरणी विकायची नाही म्हणाला, आईची आहे. चालवायला सेल्वीला दिली. तिला काम येत होतं, बरोबरच होतं ते. आणि आईचा काळा फोन त्यानं माझ्या हातात ठेवला. काकू, हा तुमच्या भाच्याकडचा, तुमच्याकडेच राहू दे. म्हणजे तिला गिरणी मिळाली आणि मला फोन. हे वाटप मी मनातल्या मनात पुष्कळ दिवस उलटसुलट करून पाहिलं. फोन मशीनच्या बाजूला ठेवलेला असतो. फळीच्या भेगेत असतं तसं त्याच्या आवाजाच्या भोकात पीठ बसलंय, ते मी टोकरत नाही. रोज दुपारी तो वाजतो. आज का पाठ बाकी है, असं त्यावर येतं. मी बघते आणि उलटा ठेवते.

गिरणीत जाणं मी सोडलंच होतं. दळण नवऱ्याच्या हाती पाठवायचे. पण परवा तो गावाला गेलेला, घरात पीठ संपलेलं, म्हणून गेले. डबा ठेवला. सेल्वीनं गहू ओतले, पट्टा चढवला. पीठ पडायला लागलं आणि तिनं हात माझ्यापुढे केला. अंगठा, बोट, मध्ये चिमूटभर गरम पीठ.

"भाभी, चिमटीत बघा," ती ओरडली. "नंतर बोलायचं न्हाय."

आवाज वेगळा, पण बाकी सगळं तेच. तो न्हाय, तो हात मागे न घेण्याचा हट्ट, नंतरच्या शब्दावरचा तो हेल. माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? आक्काचं बोलणं हिच्या तोंडात कसं गेलं? मी लहानपणापासून या गावात, मी तिच्याशी आयुष्यभर बोलले, आणि माझं मराठी ते शाळेतलंच राहिलं. आणि ही तमिळनाडूकडून येऊन तिचं बोलणं उचलून बसली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते दुःखानं का जळफळाटानं, मला आजही सांगता येणार नाही.

मी पीठ चिमटीत घेतलं. बरोबर पडलं होतं. मान हलवली. दळण संपलं, तिनं गिरणी बंद केली, डब्याचं झाकण लावलं. एकाएकी सगळं शांत झालं. तिच्या चेहऱ्याकडे बघून मला वाटलं, हिनं सकाळपासून काही खाल्लेलं नाही.

"साप्पिट्टिया?" मी विचारलं.

विचारलं म्हणजे ओरडले. बंद गिरणीत, हातभर अंतरावरून, घसा ताणून. मी, जिला सगळी गल्ली हळू बोलणारी म्हणून ओळखते. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून ते माझ्यात कधी शिरलं, मला पत्ता नव्हता.

सेल्वी डबा हातात धरून थांबली. मग डोळे पुसायला लागली आणि पुसता पुसता हसायला लागली.

"आमच्यात असं ओरडून कुनी इचारत न्हाय, भाभी," ती म्हणाली. "फकस्त आक्का इचारायची."

पोतं दाराजवळच होतं. त्यावर एका माणसाचं दळण ठेवलेलं होतं. सेल्वीनं ते उचलून बाजूला केलं, आणि मी बसले.